इतर

आमचा आवाज पावलांनी मोजला जायचा.
रेडिओच्या त्या खोलीत, दार-ए-सलाममध्ये,
छतावरून एकच मायक्रोफोन लोंबायचा
आणि आम्ही पंधरा जण त्याच्याभोवती,
शेकोटीभोवती असावं तसे. फक्त इथे
ज्याच्यात धग जास्त, त्यानं लांब उभं राहायचं.

फुंडी चिलेम्बा खडूनं जमिनीवर फुल्या मारी.
गाणारा दोन पावलांवर.
किलोंगोलाची गिटार चार.
ढोल जवळजवळ व्हरांड्यात,
आणि आम्ही ट्रम्पेटवाले नऊ पावलांवर, दाराशी,
बोलावणं नसताना पंगतीला आल्यासारखे
अंग चोरून.

माझी पाळी आली की मी चालत यायचो.
अनवाणी. बूट करकरतात.
पाच पावलं पुढं, जेवढं वाट्याला तेवढं वाजवायचं,
मग उलट्या पावली मागं,
दर्ग्यातून निघतात तसं, पाठ न दाखवता.

एक चुकला की पंधराही चुकले.
टेप मोजकी; तिसऱ्यांदा जे होईल तेच खरं.
त्या दिवशी तिसऱ्या खेपेला, अगदी शेवटच्या सुरावर,
बाहेरच्या बदामावरून कावळा ओरडला.
आम्ही सगळे चिलेम्बाकडं बघतोय.
त्यानं घड्याळ पाहिलं. म्हणाला, राहू दे,
तोही मगोमेनीचाच आहे.

पुढं कॅसेटी आल्या. बसस्टँडवर
आमचं गाणं शेंगदाण्याच्या भावानं विकलं गेलं.
त्यातलं एक नाणंही आमच्याकडं वळलं नाही,
पण खोटं कशाला बोलू,
ज्या गावांत कधी गेलो नाही
तिथल्या बायका भाजी निवडताना माझा तुकडा गुणगुणायच्या.
मग कीबोर्ड आला.
त्यात मी सत्तावन्न नंबरला होतो.
एका बोटानं वाजायचो, दम न लागता.

आता किनोंडोनीच्या लग्नाच्या हॉलमध्ये
गाणं खिशातून येतं, नखाएवढ्या तुकड्यातून,
आणि आम्हा तिघा म्हाताऱ्यांना
निळे कोट घालून उभं राहायचे पैसे मिळतात.
ट्रम्पेट ओठांना लावायचं, गाल फुगवायचे.
एकदा मी खरंच फुंकलं, हळूच.
कोणाला कळलं नाही.
नवरदेवाचा मामा तेवढा
घास हातात धरून
वर पंख्याकडं बघत राहिला.

काल म्वानाइदी, माझी नात,
फोन घेऊन बसली माझ्या खाटेवर.
म्हणाली, बाबू, आता जुनं गाणं सुटं करता येतं,
मासा सोलावा तसं. बघ.
पडद्यावर चार पट्ट्या:
गायकाचा आवाज. ढोल. बेस.
चौथीवर लिहिलेलं — इतर.

गाणारा एकटा ऐकला. उघडा पडल्यासारखा वाटला,
बिचारा श्वास कुठं कुठं चोरायचा ते कळलं.
ढोल ऐकला.
मग तिनं चौथी पट्टी दाबली.

इतरमध्ये किलोंगोला होता,
ज्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
इतरमध्ये कोणाचा तरी खोकला, दाबलेला.
खोलीचं दार, जे कधीच नीट बसायचं नाही.
इतरमध्ये कावळा.
आणि लांबून एक ट्रम्पेट,
आधी भिंतीपलीकडचं वाटावं असं,
मग जवळ, मग अजून जवळ.
मी चालत येतोय हे ऐकू येत होतं.
पावलं नाहीत. येणं.

हे फार बारीक आहे, म्वानाइदी म्हणाली,
तुला मोठा करते, आणि तो कावळा काढते.
तिचं बोट पट्टीवर होतंच.
मी म्हटलं, थांब. फोन खुर्चीवर ठेव.
पुन्हा पहिल्यापासून लाव.

चपला काढल्या
आणि मोजत मागं सरकू लागलो,
माझ्या जागेवरून ऐकायला.
सातव्या पावलाला
भिंत लागली.